शोधपत्रकाराच्या मागे कोण उभं राहतं? आय.आर.ई. या अमेरिकी संस्थेबद्दल

काठावरची (धागाकर्ती)

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे हा विषय का काढला ते कळेल. लग्न होऊन इकडे सेंट लुईसला येण्याआधी पाच वर्षं मी कोकणातल्या एका तालुक्यात एका मराठी दैनिकाची वार्ताहर होते. मानधनात पेट्रोलही भागायचं नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची : १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, नेत्यांचे वाढदिवस. सकाळी ज्याच्याकडे बातमीसाठी जायचं, त्याच्याच दारात संध्याकाळी पुरवणीच्या जाहिरातीसाठी उभं राहायचं. तालुक्यात काम केलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला. राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई या दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. दुसऱ्या दिवशी मी काठावर होते. ते लाल पाणी आणि काठावर नुसती बसून राहिलेली माणसं डोक्यातून जात नव्हती. परत आल्यावर मी माझ्या तालुक्यातल्या पुलांची माहिती, माहिती अधिकारात मागितली. कागद यायला पाच महिने आणि एक अपील लागलं. त्यात एका ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या दुरुस्तीचं देयक होतं. मोजमाप पुस्तिकेत दोन्ही बाजूंच्या लोखंडी कठड्यांची लांबी, वजन, सगळं नोंदलेलं. मी जाऊन पाहिलं. एका बाजूला कठडा होता, दुसऱ्या बाजूला बांबू बांधलेले होते.

बातमी तीन कॉलमी लागली, नावासकट. चौथ्या दिवशी ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आली. चार पानं, ५० लाखांची भरपाई, सात दिवसांत जाहीर माफी. रजिस्टर पोस्टाचा तो लिफाफा अजून माझ्याकडे आहे. जिल्हा कार्यालयात फोन केला, तर "तुम्ही आमच्या नोकरीत नाही, मानधनावर आहात, तुमचं तुम्ही बघा" असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात त्याच पानावर ठेकेदाराचा खुलासा छापून आला. खटला कधी उभाच राहिला नाही, पण मी पुलांवर पुन्हा एक ओळ लिहिली नाही. नोटीस तेवढ्यासाठीच पाठवलेली असते.

इथून दोन तासांवर कोलंबिया गाव आहे. तिथल्या मिसूरी विद्यापीठात 'इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्टर्स अँड एडिटर्स' या संस्थेचं मुख्यालय आहे. सगळे तिला आय.आर.ई. म्हणतात. ना-नफा संस्था, १९७५ साली स्थापन झालेली, पत्रकारांनी पत्रकारांसाठी चालवलेली. सभासद झाल्यावर तिचा इतिहास वाचत गेले. त्यातली एक गोष्ट इथे नीट सांगावीशी वाटते.

डॉन बोल्स हे फिनिक्सच्या 'अ‍ॅरिझोना रिपब्लिक'चे शोधपत्रकार आणि या संस्थेच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. जमिनीचे फसवे व्यवहार, शर्यतींचा धंदा आणि त्यामागची संघटित गुन्हेगारी हे त्यांचे विषय. २ जून १९७६ रोजी माहिती देतो म्हणून एकाने त्यांना क्लॅरेंडन हॉटेलात बोलावलं. तो आला नाही. बोल्स वाट पाहून बाहेर आले, पांढरी डॅटसन मागे घेऊ लागले आणि गाडीच्या तळाला लावलेला डायनामाइट फुटला. अकरा दिवस ते झुंजले. दोन्ही पाय आणि एक हात कापावा लागला. १३ जूनला ते गेले, वय ४७.

काही दिवसांतच आय.आर.ई.चं पहिलं अधिवेशन इंडियानापोलिसला होतं. जमलेल्यांनी निषेधाचा ठराव केला असता, श्रद्धांजली वाहिली असती, तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी ठरवलं ते वेगळंच : आपण फिनिक्सला जायचं आणि बोल्स ज्या विषयांवर काम करत होते ते सगळे मिळून पुरे करायचे. खुनी शोधायला ते गेले नव्हते, तो पोलिसांचा भाग होता. पत्रकार मारला की बातमीही मरते, हा हिशेब चुकीचा ठरवायला ते गेले होते. 'न्यूजडे' या पेपराचे रॉबर्ट ग्रीन प्रमुख झाले. एकूण ३८ पत्रकार, २८ वृत्तपत्रं आणि वाहिन्या. एरवी एकमेकांची बातमी फोडायला टपलेली माणसं फिनिक्समधल्या हॉटेलच्या खोल्यांत बसून एकाच कार्डांच्या ढिगात नोंदी घालत होती. मार्च १९७७ मध्ये २३ भागांची मालिका ठिकठिकाणच्या पेपरांत एकाच वेळी सुरू झाली.

बोल्स यांच्या स्वतःच्या पेपराने ती मालिका छापली नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. त्यातही एक गोष्ट अशी, की संस्थेच्या संस्थापकांत इंडियानापोलिस स्टारच्या मिर्टा पुलियम होत्या, आणि इंडियानापोलिस स्टार व अ‍ॅरिझोना रिपब्लिक ही दोन्ही वृत्तपत्रं पुलियम घराण्याच्याच कंपनीची. घरचा पेपर गप्प राहिला तरी संस्था बोलली.

मग खटले झाले. बदनामीचे दावे नव्या संस्थेवर एकामागून एक आले. केम्पर मार्ले या बड्या जमीनदाराच्या दाव्यात ज्यूरीने बदनामीचा आरोप फेटाळला, पण मानसिक त्रासापोटी १५,००० डॉलर द्यायला लावले. पैसे उभे करता करता संस्था मेटाकुटीला आली, पण टिकली. पुढे तिने मोहिमा काढण्याचं काम मागे ठेवलं आणि प्रशिक्षणावर जोर दिला. त्याबद्दल खाली लिहीनच.

तुमच्यातल्या कुणाला अशा संस्थेचा अनुभव असेल, आपल्याकडे असं काही होऊ शकेल का याबद्दल मत असेल, तर जरूर लिहा.

---

पितळीदिवा

लेख एका दमात वाचला. मी नागपूरला ३१ वर्षं डेस्कवर काढली आणि आता निवृत्त आहे. काठावरची, तुमच्या जिल्हा कार्यालयाचं वागणं वाचून मान खाली गेली, कारण तसलं उत्तर फोनवर द्यायला मलाही एकदा सांगितलं गेलं होतं आणि मी ते दिलं होतं. त्या मुलाचा आवाज अजून आठवतो.

एक विचारतो, राग मानू नका. तुमची बातमी छापण्याआधी कुणी वाचली होती का? म्हणजे शुद्धलेखनासाठी नाही. समोर कागद घेऊन, हे वाक्य कशाच्या आधारावर, असं विचारत?

---

काठावरची

नाही, काका. संध्याकाळी साडेसातला मजकूर पाठवला, आठला 'लागतेय' असा निरोप आला.

तुम्ही नेमकं विचारलंत. इथे त्याला बुलेटप्रूफिंग म्हणतात आणि आय.आर.ई.च्या अधिवेशनांत त्यावर वेगळं सत्र असतं. रीत साधी आहे. बातमीची प्रत छापायची, समास मोठा ठेवायचा आणि प्रत्येक वाक्यासमोर आधाराचा क्रमांक लिहायचा : कागद क्रमांक ७, पान ३, मुलाखत, अमुक तारीख, स्वतः पाहिलं, फोटो क्रमांक ११. ज्या वाक्यासमोर क्रमांक येत नाही ते वाक्य काढायचं, कितीही आवडतं असलं तरी. त्यानंतर ती प्रत, विषयाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याने वाचायची.

घरी येऊन मी माझ्या जुन्या बातमीवर हे करून पाहिलं. २३ वाक्यं होती. पाच वाक्यांसमोर काहीच लिहिता आलं नाही. 'संगनमताने' हा शब्द त्यातलाच. कठडा नव्हता हे मी पाहिलं होतं, देयकात तो होता हे कागदावर होतं. संगनमत मी पाहिलं नव्हतं. नोटिशीतला सगळा जोर त्या एका शब्दावर होता.

दुसरी चूकही कबूल करते. ठेकेदाराला मी रात्री एकदाच फोन केला होता. त्याने उचलला नाही आणि मी 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहून मोकळी झाले. इथे शिकवतात, की ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला आपले सगळे मुद्दे लेखी कळवा, उत्तराला पुरेसे दिवस द्या. छापून आल्यावर त्याला एकही गोष्ट नवीन वाटता कामा नये. हे मला कुणी २०१७ मध्ये सांगितलं असतं, तर बातमी आठ दिवस उशिरा लागली असती, पण उभी राहिली असती.

---

सह्यकडा

माहिती चांगली आहे. पण मूळ प्रश्न पैशाचा. असल्या संस्थांना पैसे कोण देतं? एखाद्या प्रतिष्ठानाने पैसे दिले की विषयही तेच ठरवणार. परदेशातून पैसे घेऊन इथल्या प्रकल्पांवर लिहिणं मला तरी पटत नाही. आणि एक, तिथल्या मोठ्या पेपरांनाही ती फिनिक्सची मोहीम मान्य होती का? टोळी करून पत्रकारिता करणं बरोबर का?

---

काठावरची

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसरा आधी घेते.

नव्हती मान्य. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट त्या मोहिमेत सामील झाले नाहीत. आपापली बातमी आपण करावी, सगळ्यांनी मिळून एकच सूर लावू नये, असा आक्षेप तेव्हा होता आणि तो हलका नाही. पण पुढचं ऐका. सप्टेंबर २०२२ मध्ये लास व्हेगासचे पत्रकार जेफ जर्मन यांचा त्यांच्या घराबाहेर भोसकून खून झाला. ते ज्याच्या कारभारावर लिहीत होते तो काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडून आलेला अधिकारीच खुनी होता, हे २०२४ मध्ये न्यायालयात सिद्ध झालं. जर्मन यांच्या टेबलावर गुंतवणूकदारांच्या फसवणुकीची एक बातमी अर्धी राहिली होती. ती पुरी करायला त्यांच्या पेपराबरोबर कोण आलं, तर वॉशिंग्टन पोस्ट. १९७६ मध्ये जे नको म्हणाले होते, त्यांनीच ४६ वर्षांनी तेच केलं. मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडलाही झालं : २००७ मध्ये संपादक चॉन्सी बेली यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या, तेव्हा तिथल्या पत्रकारांनी फिनिक्सचाच कित्ता गिरवला.

पैशाचं : आय.आर.ई.ची पहिली बैठक इंडियानापोलिसच्या लिली एन्डाउमेंट या प्रतिष्ठानाच्या छोट्या अनुदानातून झाली. आज सभासदांची वर्गणी, अधिवेशनांचं शुल्क, प्रशिक्षणाचे पैसे आणि प्रतिष्ठानांच्या देणग्या असं मिळून चालतं. सभासदांनी निवडलेलं संचालक मंडळ आहे, आणि ते सगळे पत्रकार असतात. मला यातला महत्त्वाचा भाग असा वाटतो, की ही संस्था कुठली बातमी करावी हे सांगतच नाही. ती शिकवते, कागद आणि माहिती हाती देते, ओळखी घालून देते. बातमी ज्याची त्याची. तुम्ही म्हणता तो दबाव, थेट बातमीला पैसे देणाऱ्या संस्थांवर जास्त येतो.

एकाच देणगीदारावर टेकण्याचा धोकाही खरा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशांना दिली जाणारी मदत थांबवली, तेव्हा जगभरच्या कितीतरी शोधपत्रकारिता संस्थांना माणसं कमी करावी लागली. संघटित गुन्हेगारी आणि भ्रष्टाचारावर देशोदेशी शोधबातम्या करणारी ओ.सी.सी.आर.पी.सारखी मोठी संस्थाही त्यात आली.

---

काळाकोट

सह्यकडा, परदेशी पैशाबद्दल कायदा काय म्हणतो ते सांगतो. विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक यांना विदेशी देणगी घेताच येत नाही. केलेल्या कामाचा मोबदला वेगळा. म्हणजे तुमची शंका कायद्याने आधीच सोडवली आहे.

पण देशातल्या पैशावर काय होतं तेही पाहा. बंगळूरूचं इंडिपेंडंट अँड पब्लिक स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन २०१५ पासून भारतीय देणगीदारांचे पैसे स्वतंत्र माध्यमांना देतं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे आयकर खात्याची माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये 'द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह' या दिल्लीच्या गटाने जाहीर केलं, की त्यांचा ना-नफा दर्जा आयकर खात्याने रद्द केला. पत्रकारिता हे सार्वजनिक हिताचं काम धरता येत नाही, असं कारण त्यांना देण्यात आलं. वकील म्हणून माझ्या दृष्टीने हा प्रश्न सगळ्यात कळीचा आहे. अमेरिकेत आय.आर.ई.ला देणगी दिली की करसवलत मिळते. आपल्याकडे वर्गणी गोळा करून अशी संस्था काढली, तर तिचा करदर्जा टिकेल का, याची आज मी खात्री देऊ शकत नाही.

नोटिशीबद्दल : फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. सत्य आणि लोकहित हा पहिलाच अपवाद आहे. काठावरची, कागद तुमच्या हातात होते. त्या नोटिशीला दोन पानांचं उत्तर पुरलं असतं. ते लिहून देणारा कुणी तुम्हाला भेटला नाही, याचं वाईट वाटतं.

---

काठावरची

हो, तेच. मला तेव्हा खटला लढणारा नको होता, लिफाफा हातात घेऊन 'घाबरू नका, मी बघतो' म्हणणारा हवा होता.

इथे ते काम आय.आर.ई. करत नाही. त्यासाठी 'रिपोर्टर्स कमिटी फॉर फ्रीडम ऑफ द प्रेस' आहे, १९७० पासून. त्यांचे वकील फुकट सल्ला देतात, छापण्याआधी मजकूर तपासायलाही मदत करतात. २०२३ पासून 'रिपोर्टर्स शील्ड' नावाची एक सभासदांची योजना आहे. वर्गणी भरायची आणि तोंड बंद करण्यासाठी दावा आला तर बचावाचा खर्च त्यातून. एकच संस्था सगळं करते असं कुठेच नाही, कामं वाटून घेतली आहेत.

---

कातळफूल

मी राजापूरची. हा धागा दोन दिवस वाचत होते, लिहू की नको ठरत नव्हतं.

६ फेब्रुवारी २०२३. शशिकांत वारिशे यांची बातमी सकाळी 'महानगरी टाइम्स'मध्ये आली होती, बारसूच्या रिफायनरीसंदर्भात. दुपारी कोदवलीच्या पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवून फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी ती बातमी होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. पत्रकार संघटना रस्त्यावर उतरल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं. हे सगळं झालं आणि त्याबद्दल कृतज्ञता आहे.

पण काठावरची, तुम्ही लिहिलंत ना, की ते ३८ जण फिनिक्सला राहायला गेले आणि त्याचं काम पुरं केलं. ते वाचून मला रडू आलं. वारिशे जमिनीच्या व्यवहारांवर लिहीत होते. सातबारे, फेरफार, कुणी कधी कुणाकडून घेतली. त्यांच्यानंतर इथल्या वार्ताहराने ते लिहावं असं म्हणायची माझी हिंमत नाही, त्यालाही घर आहे. ते बाहेरून आलेल्या पंधरा-वीस जणांनीच करायचं काम आहे. एकाला ओळखून अडवता येतं. वीस जणांची नावं एकाच बातमीवर असतील तर कुणाच्या अंगावर गाडी घालणार?

---

पितळीदिवा

कातळफूल, लिहिलंत ते बरं केलंत.

मुंबईत अंडरवर्ल्डवर लिहिणारे पत्रकार जे. डे गेले तेव्हाही मला हेच वाटलं होतं. ११ जून २०११, पवई. भर दुपारी गोळ्या. मोर्चे निघाले, निवेदनं दिली, २०१८ मध्ये छोटा राजनला जन्मठेप झाली. खुनाचा पाठपुरावा आपण केला. त्यांचा विषय मात्र सगळ्यांनी मिळून पुढे नेला असं माझ्या पाहण्यात नाही. आमच्या डेस्कवर तर तो विचारही कुणाच्या मनात आला नाही, माझ्याही नाही.

---

काठावरची

कातळफूल ताई, तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ काही टाइप करू शकले नाही.

पॅरिसची 'फॉरबिडन स्टोरीज' ही संस्था २०१७ पासून नेमकं हेच काम करते. मारल्या गेलेल्या, तुरुंगात टाकलेल्या पत्रकारांचं अर्धं राहिलेलं काम इतर देशांतले पत्रकार पुरं करतात. माल्टाच्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया यांच्या खुनानंतर १५ देशांतले ४५ पत्रकार एकत्र आले. बंगळूरूच्या पत्रकार गौरी लंकेश यांचा खुनाआधीचा शेवटचा लेख खोट्या बातम्यांच्या कारखान्यांवर होता. त्या धाग्यावरून या संस्थेने २०२३ मध्ये मोठी शोधमालिका केली. धोका असलेला पत्रकार आपले कागद आधीच त्यांच्याकडे सुरक्षित ठेवू शकतो, तशी सोय त्यांनी केली आहे. 'माझं काही झालं तरी ही बातमी थांबणार नाही' हे समोरच्याला आधीच कळतं. माझ्या मते तेच खरं संरक्षण.

---

सह्यकडा

माझा आक्षेप थोडा मागे घेतो. पैशाबद्दल अजून शंका आहे, पण मेलेल्या माणसाचं काम पुढे नेण्याला माझा विरोध असू शकत नाही. महाराष्ट्रात पत्रकार संरक्षण कायदा झाला होता ना? त्याचं काय?

---

काळाकोट

२०१७ चा कायदा आहे, राष्ट्रपतींची संमती २०१९ मध्ये मिळाली. पत्रकारावर वा माध्यमसंस्थेवर हल्ला झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. उपचाराचा खर्चही हल्लेखोराकडून. पण हा कायदा हल्ला झाल्यावर कामाला येतो. नोटीस, जाहिरात बंद करणं, मानधनावरून काढणं, याला तो लागू नाही.

---

नवावार्ताहर

ताई, मी परभणी जिल्ह्यात एका साप्ताहिकासाठी लिहितो, दीड वर्ष झालं. तुम्ही प्रशिक्षणाबद्दल खाली लिहीन म्हणाला होतात. तिथे नेमकं काय शिकवतात? आमच्या गावाजवळ एक पूल आहे, पावसाळ्यात पाणी वरून जातं. त्यावर लिहायचं आहे. इंग्रजी बेताचंच आहे.

---

काठावरची

अरे, तू पुलाचंच विचारलंस! मग सविस्तर सांगते.

आय.आर.ई.चा निकार नावाचा विभाग आहे, १९८९ पासून. आकडे आणि संगणक वापरून बातमी कशी करायची ते तिथे शिकवतात. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरला त्यांचं अधिवेशन झालं, मी गेले होते. एका खोलीत पंचवीस-तीस संगणक मांडलेले, शिकवणारे दोघे, दोघेही बातमीदार. माझ्या शेजारी आयोवाच्या एका छोट्या पेपरातल्या बाई होत्या. म्हणाल्या, आमच्याकडे दोनच माणसं, बातम्या मी लिहिते आणि जाहिराती दुसरा आणतो. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे दोन्ही एकच माणूस करतो.

सरावाला कुठला तक्ता घेतला असेल? अमेरिकेतल्या पुलांचा. इथल्या संघराज्य सरकारकडे ६ लाखांहून जास्त पुलांची यादी आहे. प्रत्येक पुलाची एक ओळ : कधी बांधला, रोज किती गाड्या जातात, शेवटची पाहणी कधी, आणि वरचा रस्ता, गर्डर, पाया यांना ० ते ९ पैकी गुण. कुणीही उतरवून घ्यावी. वीस मिनिटांत शेजारच्या बाईंनी त्यांच्या काउंटीतले वाईट गुणांचे पूल वेगळे काढले आणि शाळेच्या बसचा मार्ग कुठला ते आठवू लागल्या. मला माझे पाच महिने आठवले. एका पुलाच्या कागदासाठी.

संस्थेचं ग्रंथालय म्हणजे दुसरा खजिना. सभासदांनी केलेल्या २७,००० हून अधिक शोधबातम्या तिथे जपल्या आहेत. बातमीबरोबर 'आम्ही ती कशी केली' हेही असतं. कुठला कागद मागितला, कुठे अडलं, काय चुकलं. शिवाय हजारो टिपणं, कुठलं दोन पानांचं, कुठलं चार पानांचं. पूल, दवाखाने, शाळेची पोषण योजना, जो विषय काढशील त्यावर कुणीतरी आधी डोकं फोडून घेतलेलं असतं आणि तुला ते पुन्हा फोडावं लागत नाही. भाषेची अडचण असेल तर 'ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम नेटवर्क' ही दुसरी संस्था बघ. त्यांची बरीच मार्गदर्शक टिपणं हिंदीत आहेत, मोफत आहेत, आणि त्यांना मदत मागता येते. मराठीत असं काही व्हावं ही माझी फार इच्छा आहे, आणि त्यातला पुलांचा भाग मी स्वतः लिहायला तयार आहे.

आता तुझा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून गोळा करून सगळं विचारू नकोस. पहिल्या अर्जात फक्त या पुलाचे गेल्या पाच वर्षांतले पावसाळ्यापूर्वीचे आणि पावसाळ्यानंतरचे पाहणी अहवाल माग. दुसरा अर्ज दुरुस्तीची देयकं आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांसाठी. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, तेही पुढच्या ३० दिवसांत, विसरू नकोस. आणि प्रतींसोबत 'अभिलेख अवलोकन' माग. कार्यालयात बसून मूळ फाईल बघायचा तुला हक्क आहे. फाईलमध्ये शेरे असतात, ते प्रतींमध्ये कधी कधी येत नाहीत.

---

काळाकोट

यात भर : कलम २ (ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. कागदावरचं सिमेंट आणि पुलातलं सिमेंट, दोन्ही मागता येतं. आणि नवावार्ताहर, नोटीस आली तर ती मला पाठवा. उत्तर मी लिहून देईन, फी नको. काठावरचीसाठी २०१७ मध्ये मी नव्हतो, आता आहे.

---

पितळीदिवा

आणि मजकूर मी वाचेन. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण मोठ्या अक्षरात छापून घेतो.

---

कातळफूल

माझ्याकडे वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, २०२१ पासूनची, बारसू आणि आसपासच्या जमिनींची. तारीखवार लावलेली आहेत. कुणाला लागली तर स्कॅन करून देईन. ती माझ्या एकटीच्या कपाटात राहू नयेत असं वाटतं.

---

नवावार्ताहर

काल दोन्ही अर्ज टाकले. आवक लिपिक पोच देत नव्हता, अर्धा तास तिथेच उभा राहिलो, मग शिक्का मारून दिला. पोचेचा फोटो काढून ठेवलाय. ताई, पुलावरही जाऊन आलो. खालच्या बाजूने एका खांबाजवळची माती वाहून गेली आहे, हात आत जातो एवढं. फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून.

---

काठावरची

पट्टी ठेवलीस हे फार छान केलंस. फोटोंना आत्ताच क्रमांक घाल, तारीख आणि वेळ वहीत लिही, आणि एक संच काळाकोट दादांकडे पाठवून ठेव. कातळफूल ताई, तुमची कात्रणं मलाही पाठवा, दुसरी प्रत इकडे राहील. नवावार्ताहर, उत्तर येईपर्यंत एक ओळही छापू नकोस. रविवारी रात्री साडेनऊला, तुमच्या वेळेने, मी आणि पितळीदिवा काका फोनवर असू. तोपर्यंत त्या गावातून शाळेची मुलं कुठल्या रस्त्याने जातात ते विचारून ठेव.